घरच्या म्हशीचा चहा

४ मार्च २०१३
चिलिंग सेंटरच्या साहेबांचा फोन. आपल्या संस्थेचं दूध पातळ. पुन्हा सापडलं तर घेणं बंद. इथं प्यायचं पाणी टँकरचं, मग दुधात कुठून आलं? मी चेअरमन. घाबरायचं नाही.
ठराव: जात-धर्म न बघता प्रत्येकाच्या किटलीत लॅक्टोमीटर.

५ मार्च
सुरुवात जलालुद्दीनपासून. सहजच. बद्रीनाथ माळकरी, त्याचं दूध तपासणं म्हणजे तुळशीचा अपमान. बाकी सगळी भावकी. आमच्या घरच्या किटलीचा प्रश्नच नाही. संस्कार आहेत. घरचा चहा बघावा, कसा दाट!
जलालुद्दीनचं दूध एक नंबर निघालं. या दुष्काळात? नक्की युरिया. सचिव रामकिसन म्हणाला, चेअरमन, त्यो म्हशीला लई जीव लावतो. मी म्हटलं, का लावतो, तेच बघायला पाहिजे. गप्प असतो, कुणाशी भांडत नाही. अशा माणसाची जास्त भीती वाटते.

८ मार्च
बद्रीनाथच्या दुधाला टँकरच्या पाण्याचा वास. म्हणाला, किटली इसळताना राहिलं आसंल. भला माणूस. चूक कुणाचीही होते.

१० मार्च
साहेबांची शेवटची ताकीद. मीटिंग घेतली. जलालुद्दीनचं दूध बंद, एकमताने. तो नुसता बरं म्हणाला, सलाम करून गेला. उद्यापासून निर्धास्त.

११ मार्च
दूध आणखी पातळ! रामकिसन म्हणतो, त्याच्याच दुधावर आपला कॅन पास व्हत हुता. उद्या साहेब स्वतः येणार. प्रत्येक किटली तपासणार, पहिली चेअरमनची.
बायकोला, छबुबाईला, शपथ घालून विचारलं. म्हणाली, एकच तांब्या घालते, समदेच घालत्यात, आपुनच येडे हाव का? बाईमाणूस, संसार रेटते बिचारी. याला भेसळ म्हणत नाहीत.

१२ मार्च, सकाळी ७
जलालुद्दीनकडे जाऊन आलो. मोठ्या मनाने त्याला परत घेतलं. तो म्हणाला, मेहरबानी, पण दूध कालपासून तेलगावच्या खासगी डेअरीला लावलं.
घरी आलो तर चहा निळसर. छबुबाईला विचारलं, हे काय? म्हणाली, चहाला दूध जलालुद्दीनकडूनच येत हुतं, आता त्यो देत न्हाई. आज आपल्या किटलीतलं घातलं.
प्यायलो नाही. दारात जीप थांबली.