एका चुलीवर एकच चव

वन्सं,

गंगाधरदादा न्यायला आला, म्हणून मी त्याच्याबरोबर होटगीला माहेरी जाते आहे. तुम्ही देवळातून याल तोवर दिवे लागलेले असतील आणि तुमचे दीर-जाऊ जेवायला येऊन बसलेले असतील. स्वयंपाक तयार आहे. फक्त कशातच मीठ नाही.

डॉक्टरांनी माझ्या नडगीवर अंगठा दाबला तेव्हा पडलेला खळगा तुम्हीही पाहिलात. हृदय थकलंय, नाडी अडखळते, अंगात पाणी साठतंय, मीठ बंद करा, असं ते तुमच्यासमोरच म्हणाले. ते गेल्यावर तुम्ही म्हणालात, "सगळं ढोंग आहे. या घरात एका चुलीवर दोन चवी शिजणार नाहीत." आडवं झालं की जीव कोंडतो म्हणून मी तक्क्याला टेकून झोपायची, तर तोही काढून नेलात.

म्हणून आज एकच चव शिजवली आहे, माझी. मिठाची बरणी मोरीत रिकामी केली आणि लोणचं शेजारच्या प्रेमलाबाईंना देऊन टाकलं. दिवेलागणीनंतर मीठ द्यायचं नसतं, असं सांगून सगळ्या शेजारणींना तुम्हीच दारातून परत पाठवलंत. आता त्यांच्या दारात उभ्या राहून बघा.

आणि पाहुणे म्हणाले की घास उतरत नाही, तर तेही ढोंगच समजा.

अनसूया