पुढच्या धोंड्याला अंदमान

३ मे, रविवार

ठरलं! जायचंच. नोव्हेंबरात, दिवाळी उरकली की. पोर्ट ब्लेअर, मग हॅवलॉक, मग नील — सईनं लिहिलंय त्याच क्रमानं. तिचा कागद आज कपाटातून काढला. कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर लिहिलेला. "बाबांची उलटीची गोळी." "आई-बाबांना वेगळी खोली!!" "आईला पाण्यात उतरवायचंच, तिचं काही ऐकायचं नाही."

मागच्या अधिक महिन्यात लेक-जावयाला धोंड्याचं जेवायला बोलावलं होतं. चांदीचा दिवा दिला, तर म्हणते कशी — "पुढच्या धोंड्याला दिवा नको हं आई, अंदमान दे. चौघं जाऊ." हात धुऊन लगेच कागद-पेन घेऊन बसली. दोन महिन्यांनी डेंग्यू. अकरा दिवसांत सगळं संपलं.

आता सतरा तारखेला पुन्हा अधिक लागतोय. मंदारला कबूल केलेलं द्यायला नको?

४ मे

हे म्हणाले, "वाण जोडप्याला देतात. एकट्याला काय देणार?" दिवसभर बोलले नाही त्यांच्याशी.

९ मे, शनिवार

उस्मानपुऱ्यात ट्रॅव्हलवाल्यांकडे गेले. काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, "तिसरे कोण?" म्हटलं, जावई. "आणि मुलगी?" — "नाही येत." एवढंच तोंडातून निघालं.

तिघांना एक खोली, मंदारला जादाची गादी. सहा फुटी माणूस सासू-सासऱ्यांच्या पायथ्याशी गादी टाकून झोपणार! मला हसू फुटलं आणि मग त्या बाईंसमोरच डोळे पुसत बसले. त्या म्हणाल्या, काकू, त्या बेटांची नावं आता बदललीत, फॉर्मवर नवी लिहा. बदलू देत. आपल्या गावाचंही बदललं. सईच्या कागदावर जुनी आहेत, मी जुनीच म्हणणार.

तिन्ही तिकिटं काढून आले. मंदारला विचारलं नाही. विचारायचं काय, घरचाच आहे.

१० मे, रविवार

मंदार आला वाळूजहून, नेहमीसारखा. यांच्या बीपीच्या गोळ्या, माझ्यासाठी सीताफळाची रबडी. तिकिटं दाखवली. उलटीपालटी करून बघितली. "बघू आई, सुट्टीचं." चहा अर्धा ठेवून गेला.

सई गेल्यापासून याचा एका रविवारचा खाडा नाही. मला आई म्हणणारं आता जगात तेवढं एकच माणूस आहे. तेही गेलं तर मी कोणाची कोण? हे लिहिताना लाज वाटते, पण खरं आहे.

१५ मे, शुक्रवार

आशाबाई छावणीतून येते कामाला. भांडी घासता घासता म्हणाली, "जावईबापू काल बाजारात दिसले की. गाडीवर मागं एक बाई व्हती."

"कोण?"

"मला काय ठावं? पण लई हसत व्हते दोघं."

हसत होता. मंदार! आमच्या घरात तर नुसता मान हलवतो. आशाबाईवर उगाच खेकसले — पातेल्याला साबण राहिलाय म्हणून. राहिला नव्हता.

१७ मे, रविवार

अधिक लागला.

मंदारनं आपणहून सांगितलं. मोनिका. त्याच्याच कंपनीत, माल तपासायच्या विभागात. माहेर चितेगावकडं, शेती आहे. "कसं सांगावं कळत नव्हतं आई. त्या दिवशी तिकिटं बघितली आणि..." मी "बरं" म्हणाले आणि देवघरात जाऊन बसले. तो निघाला तेव्हा बाहेरही आले नाही.

१८ मे

तो हसला, याचाच राग आलाय मला. कोणत्या तोंडानं सांगू हे कुणाला!

२४ मे, रविवार

आला नाही. पहिला खाडा.

२६ मे

हे म्हणाले, त्याला धोंड्याला बोलाव. तिलाही बोलाव.

"तिला कोणत्या नात्यानं?"

"ते नंतर बघू. आधी एक सांग — अंदमान आपण त्याला देतोय, का त्याच्याकडनं घेतोय?"

मी कडाडून भांडले. संध्याकाळी मंदारला फोन केला. येतो म्हणाला. दोघंही.

३ जून

अनारसे. पहिला घाणा हसला, कढईत नुसता चुरा. सई तोच चमच्यानं खायची, चांगले अनारसे सोडून. तेहतीस जमले शेवटी.

७ जून, रविवार

आले. पोरगी सावळी, अंगानं बारीक. वाकून नमस्कार केला. मी तोंडावर हसू चिकटवलेलं.

सवयीनं दोन पाट मांडले होते! मांडताना लक्षातच आलं नाही. मंदार एकावर बसला. दुसऱ्याकडे बघत आम्ही तिघं उभे. हे खाकरले. मी काहीतरी बोलणार, तेवढ्यात मोनिका म्हणाली, "काकू, त्यो सईताईंचा पाट. मी खाली बसते." आणि पाटाच्या पलीकडं, उघड्या फरशीवर मांडी घालून बसली. पाट मध्ये तसाच राहिला.

ओवाळायचं निरांजन मी यांच्या हातात दिलं.

जेवताना म्हणाली, "धोंडे लई भारी झालेत काकू, आमची आई एवढे मऊ करत नाय." खोटं बोलत नव्हती, तीन खाल्ले. पानं उचलताना मीच विचारलं — नोव्हेंबरात सुट्टी मिळेल का गं? चौघं जाऊ. मंदार एकदम उठून गॅलरीत गेला. रडत होता. मोनिका मला म्हणाली, "सईताईंनी काय काय बघायचं ठरवलं व्हतं? कागद दावाल मला?"

नंतर, मी म्हणाले.

८ जून

चौथं तिकीट काढलं. त्याच बाई होत्या. "बरं झालं, मुलगी येतेय का?" मी मान हलवली. हो की नाही, त्यांनाच ठाऊक.

घरी येऊन कागद उघडून बसले. तिथं काय होईल ते आताच दिसतंय. हॅवलॉकच्या वाळूवर मी सईचं नाव काढून रडणार, मंदार धावत पाण्याची बाटली आणणार, आणि ती पोरगी तिथंही बाजूला जाऊन खाली बसणार.

१० जून, बुधवार

सईचा कागद मी ठेवून घेतला. बेटं त्यांनी त्यांची शोधावीत.

मंदारला फोनवर सांगितलं — धोंड्याचं वाण आहे, नाही म्हणायचं नसतं.

चारातली दोन तिकिटं रद्द केली. आमची.