रोज एक बाटली पाणी

३ फेब्रुवारी
पुन्हा पांढरी! दगडावरची सगळीच्या सगळी अंडी सकाळी पांढरी पडलेली, म्हणजे वाया. ही तिसरी खेप. लेक नोकरीला परगावी गेली आणि जाताना ही रॅम जातीच्या माशांची जोडी माझ्या गळ्यात मारून गेली. बोटाएवढे जीव, अंगावर निळे ठिपके, नखरे हत्तीएवढे! नवरा-बायको आळीपाळीने अंड्यांना वारा घालत होते. आज मादी रिकाम्या दगडाची राखण करत बसलीय. मला बघवेना.

लेक फोनवर म्हणाली, "आई, आपल्या विहिरीचं पाणी जड आहे. त्यात अंडी नाही टिकत." मला सांगते! पंचवीस वर्षं लाँड्री चालवतेय मी. ह्या पाण्यात साबणाला फेस येण्याआधी माणसाच्या तोंडाला फेस येतो!

४ फेब्रुवारी
डोकं चाललं! लाँड्रीत पाणी मऊ करायचं यंत्र आहे – मीठ खातं आणि मऊ पाणी देतं. तेच टाकीत घालायचं. बाटली हलवून, साबणाचे थेंब मोजून माझी जुनी परीक्षा घेतली. विहिरीच्या पाण्याला एकवीस थेंब लागले फेस धरायला. यंत्राच्या पाण्याला दोन. दोन! नाचलेच. सासूबाई दारातून म्हणाल्या, "चावलं का काही?"

९ फेब्रुवारी
मासे रुसले. नर कोपऱ्यात, मादी दगडामागे, खाणं बंद.

१० फेब्रुवारी
लेकीने सांगितलेल्या दुकानात टाकीतलं बाटलीभर पाणी घेऊन गेले. भिंतभर टाक्या. दुकानदार माझ्याच वयाचे. चष्मा शोधत होते. "डोक्यावर आहे," मी सांगितलं. "तरीच! सकाळपासून सगळे मासे जुळे दिसतायत," म्हणाले.

पाण्यातले क्षार मोजायचा पेनाएवढा मीटर बाटलीत बुडवला. सहाशे तीस! विहिरीच्या पाण्याची बाटलीही नेली होती – तिचा आकडा सहाशे वीस. म्हणजे यंत्राचं पाणी आणखी वाईट? "अहो, पण फेस येतो की!" मी भांडलेच.

"यंत्र चुना काढतं, पण त्याच्या जागी मीठ बसवतं," ते म्हणाले. "साबण फसतो मॅडम. मासे नाही फसत."

पंचवीस वर्षांची माझी परीक्षा एका वाक्यात नापास! आणि राग कसा तो आला नाही. उपाय असा – चार भाग आरओचं पाणी, एक भाग विहिरीचं. पण एकदम नाही. रोज थोडं काढायचं, थोडं घालायचं, नाहीतर मासे धक्क्याने मरतील. "आकडा रोज बघावा लागेल," म्हणाले. मी मीटर विकत मागितला. "संपलेत. माल यायचाय. तोवर रोज बाटली आणत जा."

बरं.

१२ फेब्रुवारी
५६०.

१३ फेब्रुवारी
५१०. चष्मा पुन्हा डोक्यावर. मी सांगितलं नाही. थोडा वेळ शोधू दिला.

१५ फेब्रुवारी
"रोज मासेवाल्याकडे जातेस आणि घरात एक मासा येत नाही!" – सासूबाई. ते खायचे मासे नव्हेत आई, पाळायचे, असं म्हटलं. "म्हणजे फुकटच हेलपाटे," म्हणाल्या.

लग्न होऊन आले त्या दिवसापासून ह्या मला पाण्यात पाहतात. हल्ली तर शब्दशः! टाकीसमोर खुर्ची टाकून बसतात आणि माशांच्या आडून, दोन काचांतून, माझ्यावर नजर.

१९ फेब्रुवारी
३४०. मासे खायला लागले! माल अजून आलेला नाही. ह्या कंपन्यांचं काही खरं नाही. सावकाश येऊ दे म्हणावं.

टाकीवाल्यांची (मनात मी असंच म्हणते) बायको जाऊन चौदा वर्षं झाली. माझे हे जाऊन नऊ, मी सांगितलं. मग दोघंही मीटरकडे बघत बसलो. आकडा केव्हाच थांबला होता.

एक्कावन्न वर्षांची घोडी मी! आज बाटली विसळताना गात होते. निळ्या कुडत्याला दोनदा इस्त्री केली. सासूबाई म्हणाल्या, "पाणी तपासायला चाललीस की लग्नाला?" आणि पाठमोऱ्या पुटपुटल्या, "कुठंतरी पाणी मुरतंय." मुरतंय खरं. पण गेला तो त्यांचा एकुलता एक मुलगा. त्यांना कळलं तर ह्या घरात मी कुठल्या तोंडाने वावरू?

२४ फेब्रुवारी
२१०. त्यांनी बदामाची वाळकी पानं दिली, टाकीत घालायला – ह्या माशांना मानवतात म्हणे. त्यांच्या दारातलंच झाड. पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं झालं. सासूबाई हताश – "एवढं गाळून गाळून शेवटी गढूळच केलंस!" एक पान टाकीत घातलं नाही. ह्या वहीत आहे. कुणी विचारलंच तर खूण म्हणून ठेवलंय!

२७ फेब्रुवारी
१४०. हवा होता तोच आकडा. जमलं!

आणि घरी येऊन रडू फुटलं. पाणी जमलं, मग बाटली कशाला? संध्याकाळी मनात आलं – विहिरीचं पाणी घालावं मगभर, गुपचूप. आकडा चढेल. मग भरूनही घेतला होता. मादी काचेपाशी येऊन बघत राहिली. तिचा रिकामा दगड आठवला. ओतलं झाडाला. माझ्या जिवाचं मी बघेन, त्यांचे जीव कशाला टांगणीला!

२ मार्च
अंडी! शंभर तरी असतील!

४ मार्च
दोनच पांढरी. बाकीची काचेसारखी स्वच्छ. मी लाँड्रीत एका गिऱ्हाइकाचा सदरा दुसऱ्याला दिला.

५ मार्च
शेपट्या! दगडावर नुसती वळवळ! तशीच दुकानात धावले. पोचल्यावर कळलं, पायांत दोन वेगळ्या चपला. टाकीवाल्यांनी आनंदाने टाळी वाजवली. मग हळूच म्हणाले, "म्हणजे आता बाटली नाही."

"नाही," मी म्हटलं.

नाही! दुसरा शब्द नव्हता मराठीत? बावळट!

९ मार्च
चार दिवस तिकडे फिरकले नाही. पिल्लं पोहायला लागली. आईबाप पुढे, मागे हा एवढासा ढग. फार गोड दिसतात. पण घरभर रॅम असून मला कशातच राम वाटत नाही.

दुपारी सासूबाई काठी घेऊन निघाल्या. दोन वर्षांत एकट्या फाटकाबाहेर पडल्या नव्हत्या. "कुठे आई?" – "मासेवाल्याकडे. बघते त्याच्याकडे."

९ मार्च, संध्याकाळ
आल्या. टाकीसमोर बसल्या, पेलाभर पाणी प्यायल्या. मग म्हणाल्या, "मीटर मागितला त्याला. म्हणाला, आहेत ना आजी, किती हवेत? खणात अकरा आहेत. मोजले मी. वर बोटभर धूळ! म्हटलं, मग माझ्या सुनेला संपलेत का म्हणालास? कानापर्यंत लाल झाला गं!"

मी उगाच टाकीची काच पुसायला लागले.

"मीटर घेतला नाही मी. उद्या बाटली घेऊन जा. आणि तो निळा कुडता घाल."