कपिला व्याल्याची बातमी

पुणे,
८ फेब्रुवारी १९७९

तीर्थरूप बाबांच्या पायावर कुंदाचं डोकं.

आपली कपिला गाय व्याली, कालवड झाली, हे तुमच्या तिन्ही पत्रांतून समजलं. तिन्ही वेळा मले आनंद झाला. आईच्या गुडघ्याचं कसं आहे?

दिवाळीत मी मानसशास्त्राच्या प्रयोगासाठी तुमाले बारा शब्द वाचून दाखवले होते. तुमाले दोनच आठवले अन् तुम्ही हसून म्हणाले, "परीक्षा तुही हाये का माही?" ती वही काल सरांनी पाहिली. मार्क चांगले दिले, पण वही काही मिटेनात. हे कोण, विचारलं. मी म्हटलं, माझे बाबा. तीस वर्षं तळेगावात टपाल वाटलं त्यांनी, घरन् घर तोंडपाठ. सर म्हणाले, त्यांना एकदा इथल्या डॉक्टरांना दाखवू.

घाबराचं काई नाई, साधी तपासणी असते. पण आईले संगं घेऊनच येजा, एकटे निघू नका.

पुस्तकात याच्यावर एक धडा आहे. मी तो अजून पुरता वाचला नाई.

उत्तर धाडलं का नाई हे आठवलं नाई, तर पुन्हा धाडजा. मी दोन्ही वाचीन.

तुमची लेक,
कुंदा