हत्तीखोलीची वाट

आप्पा, रातभर डोळा लागला न्हाई. का ते सांगते. काल सांजच्याला भाऊ आला हुता. तुमी वारल्यावर तुमचंच काम त्यानं धरलंय, फरक एवढाच का तुमाला लोक जंगलखात्याचा मजूर म्हनायचे आन त्याला गाईड म्हनतेत. आज लातूरची मानसं घेऊन त्यो रानातल्या लेन्याला, हत्तीखोलीला चाललाय. म्हनला, "अक्का, भाचीला पाठीव माझ्यासंगं. सात वर्साची झाली, चालंल की." पोरगी ऐकल्याबरुबर नाचायली. मी म्हनलं, "न्हाई. मोहाच्या झाडाखाली अस्वल दिसलंय, पिल्लावालं. बाया मोहफुलं येचायला बी जायना झाल्यात." त्यो हसला. "दहा मानसं हाईत संगं. हिची बडबड ऐकून अस्वलच पळंल." मी म्हनलं, "एकदा न्हाई म्हनलं ना." पोरगी जेवली न्हाई. पायातले बूट बी काढू दिले न्हाईत, तशीच झोपली.

अस्वलाचं भ्या खोटं न्हाई, आप्पा. आई झाल्यापासून मला पाचोळा वाजला तरी भ्या वाटतंय. पन भ्यानं झोप उडली आसती तर पोरगी माझ्याजवळच हाय, मग झोप याया पायजे हुती. आली न्हाई. मला जळन झाली. माझ्याच पोटच्या पोरीची. मी जलमभर ऐकलं ते ती डोळ्यानं बघनार, ते बी मामाचं बोट धरून, म्हनून न्हाई म्हनलं. असं कुन्या आईला वाटत आसंल का? तुमाला इचारायले, कारन ही जळन तुमीच लावली.

तुमी भावाला हत्तीखोलीला न्यायचे. त्यो माझ्याहून धाकटा, मोठी मी. अजून दिसतंय. मी चुलीपुढं बसलेय, भाकरी थापायले, तुमी गरम गरम भाकरी फडक्यात बांधायलात, वर ठेचा आन कांदा. त्यो दारात उड्या मारायलाय. माय शेतात. तुमी दोघं जाता आन मी परातीतलं पीठ खरवडत बसते. सांजच्याला त्यो येतो आन रात पडंपर्यंत सांगतो. दगडात कोरलेला हत्ती हाय, सोंड तुटलेली. कोन्या राजाच्या बी आधी कुनी तरी छिन्नीनं डोंगर पोखरलाय. आत टाकं हाय, पानी काळं, वाकून बघितलं का आपलं तोंड आन छताला कोरलेली बाई एका जागी दिसती. मी इचारते, "बाई कशी हाय?" त्यो म्हनतो, "तुज्यासारखी, नकटी." तुमी खदखदा हसता.

एकदा मी मागं मागं आले हुते, आठवतंय का? नाल्यापर्यंत चोरून आले. काटा मोडला आन मी वरडले. तुमी वळून बघितलं. मला वाटलं, आता एवढं आलीच हाय तर चल म्हनतील. तुमी काटा काढला, धोतराचा काठ फाडून पाय बांधला, लई मायेनं बांधला. आन म्हनले, "पोरीच्या जातीला रानात काय काम? जा, म्हशीला पानी दाव." भाऊ दगडावर बसून करवंदं खात हुता. त्या दिशी तुमी माझ्यासाठी टेंभरं आनली, पिवळीजर्द. मी सगळी एकटीनं खाल्ली, त्याला एक बी दिलं न्हाई, पोट दुखंपर्यंत खाल्ली.

आन ते दगडाचं. हत्तीखोलीच्या अलीकडं ढीग हाय म्हनं, पायी आलेल्या मानसानं एक दगड ठेवायचा आन आपलं नाव मोठ्यानं घ्यायचं, म्हंजी रान वळखतं. तुमी सांगितलं, "तुझ्या बी नावाचा ठिवला गं." तुमाला वाटलं पोरगी खूश हुईल. मी म्हनलं, "नाव माझं आन पाय तुमचे, हे कसं?" तुमी म्हनले, "लई बोलाया शिकली, सासरी मार खाशील." मार न्हाई खाल्ला, आप्पा. मानूस चांगला हाय, हैदराबादला कामाला हाय. पन रान मला वळखत न्हाई. लगीन करून ह्या गावात आले, दारातून त्यो डोंगर दिसतो, रोज दिसतो, आन मी रोज त्याच्याकडं पाठ करून भांडे घासते.

काल भाऊ जाता जाता म्हनला, "पोरीला पाठवू नको तर नको. तिच्या नावानं दगड ठिवतो." तुमचाच आवाज. हुबेहूब. पोरगी गोधडीत हुंदके द्यायली आन मला माझंच तोंड दिसलं.

तांबडं फुटायलंय. चौथीपर्यंत शिकले म्हनून एवढं तरी लिहिता आलं, तुमाला तर वाचता बी येत नव्हतं. आता पोरीला उठवते. भाकरी बांधून झाल्या. पहिल्या ऑटोनं जंगलखात्याच्या नाक्यावर जातो, आमी दोघी. सासूबाई उठल्या का आडव्या येतील, म्हनून हा कागद दाराच्या कडीला अडकवून चाललेय.

ज्याला घावंल त्यानं माझ्या भावाला फोन लावावा. सासूबाईच्या मोबाईलात 'मामा' नावानं हाय. नाक्याच्या पुढं रेंज न्हाई, तवा लवकर लावा. म्हनावं, नाक्यावर थांब, अक्का पोरीला घेऊन यायली. मीच लावला आसता. पन त्यो नको म्हनला तर मी ऐकीन, एवढी मला माझी खात्री हाय. म्हनून तुमी लावा.