बिनकुलपाचा गेम

१२ जानेवारी, सोमवार

माझा गेम तळोद्याला मोबाइलच्या दुकानात विकायला! माझा!!

रिनाला भेटायला गेले होते. ती वर डोंगरात नर्स आहे, औषधं न्यायला अधूनमधून खाली येते. तिची जीप यायची होती, म्हणून चार्जरची वायर घ्यायला एका दुकानात शिरले. पाटी होती — 'गाणी, पिक्चर, गेम टाकून मिळतील.' आणि दुकानदाराच्या पाठीमागे टीव्हीवर पाणी, होडी, पाण्याखाली हलणारं कौलारू छप्पर. ते छप्पर मीच काढलंय! तरी ओळखायला वेळ लागला. ते तिथं असणं शक्यच नव्हतं ना!

दुकानदार म्हणाला, "ताई, हाई टाकी देऊ का? आपला नर्मदाना गेम शे. लॉकबिक काहीच नई."

"कुठून आणला?"

"पैसा भरीसन लिधा ना मी! चोरीना नई. ट्रॅक्टर इकत लिधं ते भाडाले देवो का नई माणूस?"

मी बनवलाय हे सांगितलंच नाही. वायर घेतली आणि बाहेर आले.

रिनाला सांगितलं तर ती हसायलाच लागली! "म्हणजे चालतोय की तुझा गेम."

तिला हसू येतंय. तिनं तर विकत घेतलाय. मी फुकट देत होते तरी पैसे भरून घेतलाय.

१३ जानेवारी

भाग्येशला सांगितलं. "मी काय सांगत होतो?"

हो, सांगत होता. पहिल्या दिवसापासून. पुण्याच्या नोकऱ्या सोडून आम्ही दोघं शहाद्याला परत आलो, त्याच्या काकांच्या खताच्या दुकानावरच्या खोलीत बसलो, आणि पहिलं भांडण यावरच झालं. तो म्हणायचा, कॉपी होऊ नये म्हणून गेमला कुलूप घालू. मी म्हणायचे, नको. कुलूप म्हटलं की उघडताना दर वेळी नेट लागणार, आणि धरणात बुडालेल्या ज्या गावांवर गेम केला, तिथल्या लोकांकडेच नेट नाही. शिवाय ज्यानं पैसे मोजले त्याच्यावरच संशय कशाला? शेवटी माझं ऐकलं त्यानं.

आज म्हणाला, "दार सताड उघडं टाकून झोपायचं आणि चोर आला की नवल करायचं!"

मी म्हटलं, दुकानातून घेणारे एरवी तरी विकत घेणार होते का?

"सगळे नाही. पण ज्यांनी घेतला असता, ते आता कशाला घेतील?"

मी आजच्या विक्रीचा आकडा पुन्हा बघितला.

१५ जानेवारी

मावसभाऊ आला होता. त्याच्याही मोबाइलमध्ये! "ताई, तुझाच गेम, मग विकत काय घ्यायचा?" — घरचेसुद्धा!!

१८ जानेवारी, रविवार

हरले. भाग्येशला म्हटलं, घाल कुलूप.

जेवताना पप्पांचा टोला — "पपईले कुंपण घालस आपण. तुन्ही मेहनतले काबर नई?" मम्मी म्हणाली, "जेवू द्या तिले." पण पप्पा चुकीचं बोलले असं मला म्हणता येईना.

भाग्येश मात्र किती खूश! कितीतरी दिवसांनी शीळ वाजवत काम करत होता. चांगला प्रोग्रामर आहे तो. माझ्यापेक्षा चांगला. चित्रं आणि गोष्ट माझी, पण होडी पाण्यावर खरी वाटते ती त्याच्यामुळे. हे मी त्याला कधी नीट सांगितलं नाही वाटतं.

२६ जानेवारी

कुलूपवाला नवा गेम नेटवर विकायला गेला. एक नवीन गावही घातलंय, म्हणजे जुने लोकसुद्धा हाच घेतील. भाग्येशनं जिलेबी आणली. आता शांत झोप लागायला हवी.

३ फेब्रुवारी, मंगळवार

रिनाचा फोन. आवाज तुटत होता, कुठल्यातरी टेकडीवर चढून रेंज धरली होती तिनं.

"नवीन गेम तळोद्याला आले तेव्हा घेतला. आजीला दाखवायला नेला. वर गेल्यावर उघडला तर म्हणतो, इंटरनेट जोडा. ताई, कुठून जोडू?"

तिची आजी म्हणजे सोनीबाई. नर्मदाकाठच्या मणिबेलीच्या. धरणाच्या पाण्यात गाव गेलं तेव्हा तरण्या होत्या. मी होडीतून गेले होते त्यांच्याकडे. पाण्याकडे बोट करून सांगत होत्या — इथं आमचं घर, इथं महूचं झाड, इथं देव. रिना मराठीत सांगायची आणि मी रेकॉर्ड करायचे. गेममध्ये होडी त्या जागी गेली की त्यांचाच आवाज येतो, त्यांच्याच भाषेत. सगळ्यात चांगलं काही असेल तर तेच.

मी घाबरत विचारलं, काय म्हणाल्या?

"आजी म्हणाली, आधी पाण्यानं बुडवलं. आता या पोरीनं कुलूप लावलं."

फोन कट झाला. मी पुन्हा लावलाच नाही.

५ फेब्रुवारी

आज धक्क्यावर धक्के!

तळोद्याला गेले. त्या दुकानदाराला — उदेसिंग त्यांचं नाव — सरळ सांगितलं, गेम मी बनवलाय, मी इथलीच, लोणखेड्याची. त्यांचा चेहरा! हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली पडला. खुर्ची पुसून दिली. चहा मागवला. म्हणाले, "तुम्ही? लोनखेडाना? मले वाटनं मुंबईवाला कोनी कंपनी व्हई."

मला ओरडायचं होतं. चहा पीत बसले. मग विचारलं, नवा गेम आता टाकता येत नसेल ना?

त्यांनी खाली बघितलं. मग मोबाइल पुढे केला. नवं गाव, नवी होडी — सगळं होतं. कुलूप नव्हतं!

"सुरतले एक जन शे. तो तोडी देस."

भाग्येश आठवडाभर जागून बसला होता त्या कुलपावर! आणि ते असं — चहा निवायच्या आत पुढ्यात!

खरा धक्का तर पुढेच होता. मी म्हटलं, वरच्या गावांतले लोक नेतात का? "नेतस ना. ती नर्सताई बी लई गयी." — कोण नर्सताई? — "रिनाताई."

बाहेर येऊन, ती रेंजच्या टेकडीवर असेल-नसेल न बघता, तिला फोन लावत राहिले. लागला एकदाचा. ती म्हणाली, "हो, घेतला. मी विकत घेतलेला उघडत नाही. चोरीचा उघडतो. तूच सांग, मी काय करायचं?"

माझ्या माणसांत विकत घेणारी ती एकटीच. तिलाच मी चोरी करायला लावली!

६ फेब्रुवारी

कुलूप काढायचं म्हटलं. भाग्येशनं लॅपटॉप धाडकन मिटला.

"एक आजी आणि एक नर्स, यांच्यासाठी?"

"तुटलंच आहे ते, भाग्येश! चोराला अडवत नाही, गिऱ्हाइकाला अडवतं."

"मग आणखी पक्कं करू. तुला दानधर्म करायचाय. मी धंदा करायला परत आलोय. घरी रोज ऐकतोय मी, रंजिता. रोज. तुझे पप्पा निदान जेवताना बोलतात. माझे तर माझ्याशी बोलतच नाहीत."

हे मला ठाऊक नव्हतं. दोन वर्षं शेजारी बसून ठाऊक नव्हतं. मी उठेपर्यंत तो जिना उतरून गेला. संध्याकाळी सामान न्यायला आला तेव्हा माझ्याकडे बघितलं नाही.

मी एकटीनं कुलूप काढलं. करताना बरं वाटलं नाही.

१४ फेब्रुवारी

विक्री कुलपाआधी होती तशीच. वाढली नाही, बुडाली नाही. म्हणजे कोण बरोबर होतं? तो म्हणेल तो, मी म्हणेन मी. खरं म्हणजे दोघांनाही माहीत नाही.

उदेसिंगभाऊ आता गेम टाकताना सांगतात म्हणे, "आवडना ते ताईले पैसा धाडा." काही जण धाडतातही. बरेचसे नाही.

रिनाचा मेसेज — आजी रोज ऐकते. शेजारच्या बायाही येऊन बसतात.

भाग्येश फोन उचलत नाही.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

उदेसिंगभाऊंचा फोन. "ताई, तुमना गेम दुसरा नावनी उना का?"

लगेच लॅपटॉपवर शोधला. तेच पाणी. तीच होडी. माझं छप्पर! नाव वेगळं. सोनीबाईंच्या जागी कुणा शिकलेल्या बाईचा गुळगुळीत आवाज. बनवणाऱ्याच्या जागी एकच नाव — भाग्येश.

आणि कुलूप. पक्कं. माझाच गेम, आणि मला उघडेना!

फोन अजून कानाशीच होता. पलीकडून हळूच — "ताई... सुरतले धाडू का, तोडाले?"

मी म्हटलं, धाडा.