सरकारी गप्पी मासे मेल्याबाबत खुलासा

प्रति,
मा. वैद्यकीय अधिकारी साहेब,
आरोग्य केंद्र, कोसगाव,
ता. डहाणू, जि. पालघर.

विषय : विहिरीतील गप्पी मासे मेल्याचा खुलासा व पाणी पिण्यास अयोग्य असल्याचा दाखला मिळणेबाबत.
संदर्भ : आपण मला बजावलेली नोटीस.

महोदय,

डासांच्या अळ्या खाण्यासाठी आपल्या माणसांनी माझ्या विहिरीत गप्पी मासे सोडले. दुसऱ्याच दिवशी ते सगळे पालथे होऊन वर आले. त्यावर आपण मलाच नोटीस धाडलीत, की शासकीय मासे कोणी मारले याचा खुलासा करावा. साहेब, मी कशाला मारू? वीतभरसुद्धा नाहीत, कालवणालाही पुरायचे नाहीत.

खुलासा असा, की विहिरीच्या वरच्या अंगाला टेकाडावर कचरा डेपो आहे. पाऊस पडला की त्यातून काळा, उग्र पाझर निघतो आणि माझ्या चिकूवाडीत जमिनीत मुरतो. विहिरीतले पाणी मात्र दिसायला नितळ आहे. त्याचीच मला धास्ती वाटते. म्हैस त्याला तोंड लावीत नाही. मी लांबच्या हातपंपावरून हंडे वाहते.

आपल्या दप्तरी हे पाणी "पिण्यायोग्य" आहे. तो नमुना डेपो होण्याआधीचा आहे, हे मी तोंडी सांगून थकले. नवा नमुना न्यायला अद्याप कोणी फिरकले नाही.

माझी लेक ऋचा वरोरला दिली आहे. तिला सातवा महिना सरला. पहिले बाळंतपण माहेरी, म्हणून विहीणबाई तिला इकडे पाठवीत आहेत. तिकडचे पाणी खारट, म्हणून पोरीला माहेरच्या विहिरीचेच डोहाळे लागलेत. मी नको म्हटले तर विहीणबाई विचारतात, पाण्यावर सरकारचा शिक्का आहे, मग तुम्हाला लेक जड झाली का? तरी पाणी पिऊ नये एवढी एक ओळ सही-शिक्क्यानिशी द्यावी. ती दाखवून मी लेकीला तिकडेच थांबवीन. नोटिशीचा दंड असेल तो भरीन.

उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
नर्मदा सदू सावे
कोसगाव, दि. १४ सप्टेंबर २०१७

सोबत : १) नोटिशीची प्रत. २) विहिरीचे पाणी, बाटली एक. ३) मेलेले गप्पी. नासू नयेत म्हणून मीठ लावले आहे. मांजरापासून जपावेत.

ता. क. : अर्ज पाकिटात घालत होते तोच ऋचा रिक्षातून उतरली. न कळवताच आली. पिशवी ओट्यावर टाकून सरळ विहिरीवर गेली. मी हाका मारीत धावले, तोवर पोहरा तोंडाला लावून पोटभर प्यायली होती. दाखला आता नको. डॉक्टर पाठवावा.